बुलपेनमध्ये बसवलेल्या मुलास

चि. मित्रास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कोचनी तुला बेसबॉलच्या टीममध्ये स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर (गोलंदाज), म्हणून उतरवणं बंद केलं आणि बुलपेनमध्ये, म्हणजे नंतर उतरणाऱ्या पिचरांच्या तापायच्या जागेत, बसवलं. बाबांना हा तुझा अपमान वाटतो. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला नवा चेंडू ज्याच्या हाती तोच मुख्य गोलंदाज वाटणार, त्यात त्यांचा दोष नाही. तो दुसरा क्लब म्हणतोय, आमच्याकडे ये, पहिल्या इनिंगपासून तूच. आणि या सगळ्या गोंधळात तू एका महिन्यात स्लायडर, स्वीपर आणि चेंजअप असे तीन चेंडू शिकायला घेतलेस. आधी हा शेवटचा उद्योग थांबव. टीमचं नंतर बोलू.

तुझ्या भिंतीवर मारिआनो रिव्हेराची ४२ नंबरची जर्सी आहे, म्हणून त्याच्याच कारकिर्दीवरून सांगतो. ६५२ सेव्ह (शेवटी येऊन राखलेले विजय), १९ हंगाम, न्यूयॉर्क यँकीज ही एकच टीम, हॉल ऑफ फेममध्ये ४२५ पैकी ४२५ मतं, हे तुला पाठ आहे. सुरुवातीची वर्षं मात्र तू नीट पाहिलेली दिसत नाहीस. पनामातल्या पुएर्तो काइमितो या मच्छीमारांच्या गावातल्या या मुलाला यँकीजनी १९९० मध्ये अवघ्या काही हजार डॉलरांत घेतलं. १९९२ मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षाअखेर मार्लिन्स आणि रॉकीज या नव्या टीमसाठी खेळाडूंची निवड झाली, तेव्हा यँकीजनी त्याला राखून ठेवलं नव्हतं. आणि त्या दोन्ही टीमनीही त्याला उचललं नाही. २३ मे १९९५ ला तो मोठ्या लीगमध्ये पहिल्यांदा उतरला तो स्टार्टर म्हणून. पाच रन देऊन चौथ्या इनिंगमध्येच बाहेर आला. थोड्याच दिवसांत त्याला पुन्हा खालच्या लीगमध्ये पाठवलं. तिथून परतला तेव्हा वेग ताशी ९५ मैलांच्या घरात गेला होता आणि ४ जुलैला व्हाइट सॉक्सविरुद्ध त्याने आठ इनिंग एकही रन दिली नाही, ११ बॅटर स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद. तरीही वर्षाचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेल्या रनांची सरासरी, ५.५१ राहिला. पुढच्या वसंतात तर त्याला सिअ‍ॅटलला देऊन फेलिक्स फर्मिन हा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) आणायची चर्चा चालली होती. एकाच टीममध्ये आयुष्य काढायचं असं त्याने ठरवलं आणि ते झालं, असं घडलेलं नाही. दर वर्षी टीमला त्याला ठेवावंसं वाटेल असं काम त्याच्या हातून होत गेलं.

१९९६ मध्ये क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग टाकणारा, होता जॉन वेटलंड. रिव्हेराच्या वाट्याला सातवी-आठवी इनिंग आली. बाबांच्या हिशेबात हे आणखी खाली जाणं. त्या वर्षी त्याने १०७ २/३ इनिंग टाकल्या, १३० स्ट्राइकआउट काढले, ईआरए २.०९. सामना उघडणारा नाही आणि संपवणाराही नाही, तरी सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात तो तिसरा आला. वेटलंड टेक्ससला गेल्यावर १९९७ मध्ये शेवटची इनिंग त्याच्याकडे आली.

त्या उन्हाळ्यात जे घडलं तेच मला तुझ्या डोक्यात पक्कं बसवायचं आहे. टीममधल्या रामिरो मेंडोसाबरोबर सहज चेंडू फेकताना त्याचा फास्टबॉल शेवटच्या काही फुटांत आपोआप डावीकडे सरकू लागला. त्याने मुद्दाम काही केलं नव्हतं. पिचिंग कोच मेल स्टॉटलमायर आणि बुलपेन कॅचर माइक बोर्झेलो यांच्याबरोबर त्याने तो चेंडू सरळ करायचा बराच प्रयत्न केला. सरळ होईना, तेव्हा तो तसाच स्वीकारला. पुढची सोळा वर्षं बहुतांश तोच चेंडू, त्यालाच कटर म्हणतात. कटर येतोय हे प्रत्येक बॅटरला माहीत असायचं. तरी डावखुऱ्यांच्या बॅटी मुठीपाशी मोडायच्या, कारण फास्टबॉल आणि कटर यांच्यात हाताची, खांद्याची, पायाची हालचाल तसूभरही वेगळी दिसत नसे. हालचाल तीच, म्हणून चेंडू किती सरकेल याचा बॅटरला अंदाज नाही. हालचाल तीच, म्हणून ४३ व्या वर्षापर्यंत हात टिकला.

तुझी हालचाल तीच आहे का? नाही. तू पाठवलेल्या व्हिडिओत मला तीन वेगवेगळे पिचर दिसले.

आता कामाला लागू. माउंडवरचं, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावरचं, रबर (ज्यावर पाय ठेवून फेकायचं ती पट्टी) २४ इंच लांब असतं. तू कधी पहिल्या बेसकडच्या टोकाला उभा राहतोस, कधी मधोमध. एक जागा ठरव. तुझ्यासाठी मला पहिल्या बेसकडची बाजू बरी वाटते, कारण तिथून कटर डावखुऱ्याच्या हातांकडे जाताना प्लेट सोडून फार बाहेर पळत नाही. मग खडू घे. डावा पाय जिथे पडतो तिथे खूण कर आणि निम्म्या जोराने वीस चेंडू फेक. वीसही ठसे एका तळव्याच्या रुंदीत बसले पाहिजेत. पाय तिसऱ्या बेसकडे पडला तर तू स्वतःच्या अंगावरून आडवा फेकतोस. कटर फार बाहेर जातो आणि खांद्यावर ताण येतो. पाय पहिल्या बेसकडे उघडला तर छाती आधी फिरते, हात मागे राहतो आणि चेंडू उजव्या हाताच्या बॅटरकडे वर चढतो. तुझे बहुतेक वॉक (चार वाईट चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) याच दुसऱ्या चुकीमुळे आहेत, मनाच्या कमकुवतपणामुळे नव्हेत. 'मला प्रेशर येतं' हे वाक्य पुन्हा लिहू नकोस. ठसे मोज.

कटरची पकड सोपी आहे, म्हणूनच मुलं ती बिघडवतात. फोर-सीमची, म्हणजे सरळ फास्टबॉलची, पकड घे, दोन्ही बोटं चेंडूच्या बाहेरच्या अर्ध्या भागाकडे जराशी सरकव, अंगठा खाली, आणि दाब मधल्या बोटाने दे. बस. मनगट फिरवायचं नाही. चेंडू सोडताना हात फास्टबॉलसारखाच चेंडूच्या मागे असला पाहिजे. मनगट फिरवलंस की चेंडू लवकर वळतो, वेग पडतो आणि कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागतं. कसोटी अशी: तुझा फास्टबॉल ८४ मैल असेल तर कटर ८० ते ८१ यायला हवा. ७६ आला तर तो कटर नाही, तू नकळत स्लायडर टाकतो आहेस. आणि वळण थोडंच हवं. बॅटीचा जाड भाग चुकवायला दोन-तीन इंच पुरतात. व्हिडिओतल्या हातभर वळणाऱ्या चेंडूंचं तुला वेड लागलंय, ते सोड.

पकड कुणीही दाखवतो. २००८ च्या ऑल-स्टार सामन्याच्या वेळी रिव्हेराने रॉय हॅलडेला आपली पकड दाखवली आणि हॅलडेने आपल्या बोटांच्या जागा पेनाने चेंडूवर आखून घेतल्या. प्रतिस्पर्ध्याला गुपित दिलं म्हणून यँकीजच्या खेळाडूंनी रिव्हेराला लटका दंडही केला. त्याला ते देताना काही वाटलं नाही, कारण हालचाल कुणाला देता येत नाही. ती ज्याची त्याने रोज बांधायची असते.

रिलीव्हर, म्हणजे स्टार्टरनंतर येणारा पिचर, होण्यात एक मोठा फायदा आहे आणि तो तुला कुणी सांगितलेला नाही. स्टार्टरला पूर्ण वाइंडअप (अंग फिरवून घेतलेली लांब तयारी) आणि बेसवर रनर असतानाचा स्ट्रेच (आखूड तयारी), अशा दोन हालचाली सांभाळाव्या लागतात. तू वाइंडअप टाकून दे. बेस रिकामे असोत की भरलेले, नेहमी स्ट्रेचमधूनच फेक. पाय उचलल्यापासून चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाईपर्यंत १.३ सेकंद. तुमच्या वयाच्या चांगल्या कॅचरला दुसऱ्या बेसपर्यंत फेकायला दोन सेकंदांहून थोडं जास्त लागतं, म्हणजे एकूण साडेतीनच्या आत. वेगवान रनरला चेंडू फेकला जात असताना धावून दुसरा बेस चोरण्यापासून रोखायला एवढं लागतंच. पण १.१ वर जायच्या नादात पाय जमिनीलगत सरपटवू नकोस. हात मागे राहतो, चेंडू वर राहतो, आणि चोरी वाचवताना तू होमरन देतोस.

आता मोजणी. इथे मी कुणाचं ऐकणार नाही. मेजर लीगच्या 'पिच स्मार्ट' मार्गदर्शनात १७-१८ वर्षांच्या मुलांसाठी ३० चेंडूंपर्यंत सक्तीची विश्रांती नाही, ३१ ते ४५ ला एक दिवस, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ८० ला तीन, त्यापुढे चार. हे सामन्यातले चेंडू. बुलपेनमध्ये तापताना फेकलेले यात धरत नाहीत. रिलीव्हरचा हात तिथेच झिजतो. तुझ्या सामन्यात सात इनिंग असतात. चौथ्या इनिंगला उठून चालायला लाग, पाचव्यात रबर बँडचे व्यायाम, अंगाला घाम आला की मगच चेंडू हातात. कॅचर उभा असताना पाच, तो बसल्यावर गुडघ्याच्या उंचीवर दोन्ही कोपऱ्यांत आठ फास्टबॉल, पाच कटर, शेवटचे दोन पूर्ण जोराने. वीस झाले. माउंडवर गेल्यावर आणखी आठ. सामन्यात तू १५ चेंडू टाकलेस तर स्कोअरच्या वहीत १५ लागतील, हाताने ४३ फेकलेले असतात. आणि आठवड्यात तीनदा तापवून तुला आत पाठवलंच नाही, तर साठ चेंडू कुठल्याच कागदावर नाहीत. म्हणून स्वतःची वही ठेव: बुलपेन, माउंडवरचे, सामन्यातले. तीन रकाने. सलग तिसऱ्या दिवशी फेकायचं नाही, सामना कुठलाही असो. कोचना वही दाखव. चांगला कोच रागावत नाही.

मला हट्टी म्हणतात, ठाऊक आहे. एकाच चेंडूवर महिनेच्या महिने घालवतो म्हणून पालक कुरकुरतात. त्यांना दर आठवड्याला मुलाच्या हातात नवं काही दिसायला हवं असतं. मी ते देत नाही, पुढेही देणार नाही. कॅमेरे आणि चेंडूची फिरत मोजणारी यंत्रं यांना माझा विरोध नाही. ती हालचाल तीच आहे का हे माझ्या डोळ्यांपेक्षा बरं सांगतात. पण नवा चेंडू शिकवायला ती सर्रास वापरली जातात आणि जुना चेंडू पक्का करायला क्वचित, हे मला सहन होत नाही. एकोणिसाव्या वर्षी कोपरावर टाके घेऊन घरी बसलेली गुणी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्याभोवती सल्ला देणारी माणसं खूप होती, 'आता काही बदलू नकोस' म्हणणारं कुणी नव्हतं. ही खंत मला आहे, आणि म्हणून तुझ्यावर आवाज चढवतोय.

सामने हातून जातील. त्याचाही आत्ताच विचार करून ठेव. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, १४१ इनिंग टाकून ०.७० ईआरए ठेवणाऱ्या माणसाच्या हातूनही गेले. २००१ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात, नवव्या इनिंगमध्ये, बंट (बॅटने हलकेच थोपवलेला चेंडू) उचलून त्याने दुसऱ्या बेसकडे फेकलेला चेंडू सुटला आणि अ‍ॅरिझोनाला वाट मिळाली. शेवटी लुइस गॉन्झालेसने कटरवर बॅट अडखळूनही चेंडू पुढे ओढलेल्या इन्फिल्डच्या, म्हणजे बेसजवळच्या क्षेत्ररक्षकांच्या, डोक्यावरून टाकला. २००४ मध्ये बोस्टनविरुद्ध चौथ्या सामन्यात नवव्या इनिंगची सुरुवातच केव्हिन मिलारला वॉक देऊन झाली. बदली रनर डेव्ह रॉबर्ट्सला रोखायला त्याने तीनदा पहिल्या बेसवर फेकलं, तरी रॉबर्ट्सने पुढच्याच चेंडूवर दुसरा बेस चोरला, आणि बिल म्युलरच्या फटक्यावर बरोबरी झाली. यातून तू काय घ्यायचंस? बंट उचलून फेकणं हीसुद्धा हालचाल आहे, तिचा रोजचा सराव हवा: डावा पाय लक्ष्याकडे, मग हात. इनिंगच्या पहिल्या बॅटरला वॉक देणं सर्वांत महाग. दुसऱ्या दिवशी मात्र तीच जागा, तोच पाय, तीच पकड. हरल्यावर बदलावंसं वाटतं. तेव्हाच बदलायचं नसतं. ३ मे २०१२ ला कॅन्सस सिटीत सरावात उंच चेंडू झेलताना त्याच्या उजव्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. ज्या पायाने जोर लावायचा तोच. पुढच्या हंगामात परत येऊन त्याने ४४ सेव्ह घेतले, त्याच हालचालीने.

आता टीम. त्या क्लबमध्ये तू स्टार्टर झालास तर उन्हाळाभर आठवड्याला ८० चेंडू, दुसरा कॅचर, दुसरा कोच, आणि पहिल्याच बैठकीत कुणीतरी तुझा हात वर-खाली करायला सांगणार. तुझा आत्ताचा कॅचर दोन वर्षं तुझा चेंडू झेलतोय. तुझा कटर किती सरकतो हे त्याच्या ग्लोव्हला कळतं, आणि गुडघ्याखालचा चेंडू तो अडवेल याची तुला खात्री आहे. होर्हे पोसाडासारखा कॅचर वर्षानुवर्षं समोर असणं रिव्हेराच्या यशात किती मोलाचं होतं, ते आकड्यांत धरता येत नाही. माझं मत स्पष्ट आहे: राहा. टीम मोठी आहे म्हणून नाही. तुझी हालचाल अजून तयार व्हायची आहे आणि ती एका जागीच तयार होते. ती झाल्यावर, कॉलेजमध्ये, स्टार्टर व्हायचं असेल तर हो. मी आड येणार नाही.

कोचना या आठवड्यात दोनच प्रश्न विचार. मला कुठल्या इनिंगला तापायला लावणार? आणि तापवून आत पाठवलं नाही, तर दुसऱ्या दिवशी मला सुट्टी देणार का? पहिल्याचं उत्तर त्यांच्याकडे नसेल तर चालेल. दुसऱ्याचं 'नाही' आलं तर मला लगेच फोन कर, बाबांशी आणि कोचशी मी स्वतः बोलतो. एरवी रविवारी कर, आणि त्याआधी वीस ठशांचा फोटो पाठव. बाजूला मोजपट्टी ठेवून काढ, नाहीतर मला काही कळणार नाही.

तुझा,
काका