बंगला सहा घरांचा, बाहेर पडायचं कलम एका ओळीचं

प्रश्न: मी ६२ वर्षांची, बडोद्यातल्या अनुदानित शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. यजमान आता नाहीत, मुलगी पुण्याला. पेन्शन ३४ हजार, पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख (तीन वर्षं झाली), आणि बडोद्याच्या वाडी भागातला फ्लॅट, अंदाजे ४६ लाखांचा. आमच्या भिशीतली सहा घरं मिळून समा भागात ३ कोटींचा जुना बंगला घ्यायचं म्हणतोय. खोल्या वेगळ्या, स्वयंपाक एक, महाराज एक, निर्णय सगळ्यांनी मिळून. माझ्या वाट्याला ५० लाख येतात. मुलीने डेन्मार्कमधल्या अशा वसाहतींबद्दल सांगितलं, आणि सहकार तर आपल्या बडोद्याचाच. फ्लॅट विकून यात पडू का? मसुदा सोबत जोडला आहे.

उत्तर: ताई, ५० लाख हा आकडा मुळात ६३ लाखांचा आहे. गुजरातेत दस्तावेजावर ४.९ टक्के स्टँप ड्युटी आणि १ टक्का नोंदणी फी लागते, तुमच्या वाट्याचे २.९५ लाख. (खरेदीदार सगळ्या बायकाच असत्या तर नोंदणी फी माफ होती, तुमच्या यादीत तीन पुरुष आहेत.) खोल्यांना बाथरूम, लिफ्ट, वायरिंग यांचे तुम्हीच ६० लाख धरलेत, म्हणजे तुमचे आणखी १०. फ्लॅटचे ४६ हातात आले तरी १७ लाख पोस्टातून काढावे लागणार. या योजनेत थोडी रक्कम काढता येत नाही, अख्खं खातं मोडावं लागतं, आणि दोन वर्षांनंतर मोडलं तरी १ टक्का कापतात. तुमचे ३० हजार गेले. उरलेले १२.७० लाख पुन्हा गुंतवले तर सध्याच्या ८.२ टक्क्यांनी महिन्याला साधारण ८,७०० पडतील. आज २०,५०० पडतात.

तरीही महिन्याचं गणित बसतं. पेन्शन धरून ४२,७०० येतील आणि तुमच्या मंडळींच्या अंदाजाने खर्च माणशी २१ हजार. आज तुम्ही एकट्याने २६ हजार खर्च करता. एक महाराज, एक गॅस, एक इंटरनेट यात पैसे वाचतात आणि संध्याकाळी बोलायला माणूस असतो. त्या सोबतीची किंमत मी शून्य धरत नाही. त्यासाठी महिना दहा-बारा हजार सोडायला तुम्ही तयार असाल तर माझी हरकत नाही.

हरकत मसुद्याला आहे. तुळशीवृंदावन कुठे, गणपती किती दिवसांचा, कांदा-लसूण कोणत्या वारी बंद, यावर दीड पान आहे. बाहेर पडण्यावर एक ओळ: "कोणी बाहेर पडल्यास सर्वानुमते निर्णय घेण्यात येईल." सर्वानुमते म्हणजे निघून जाणाऱ्याचंही मत धरून! पाच जण म्हणाले ३५ लाख घ्या, सहावा म्हणाला ५० पाहिजेत, तर निर्णय होणारच नाही.

आता पैसे कुठून येणार ते बघा. एक घर बाहेर पडलं, आणि बंगल्याचा भाव तोच राहिला असं धरलं, तर उरलेल्या पाचांनी प्रत्येकी १० लाख काढायचे. मग प्रत्येकाचा हिस्सा ६० लाखांचा होतो. दुसरं घर निघालं की चौघांनी प्रत्येकी १५ लाख. म्हणजे पहिले दोघं निघेपर्यंत, राहणाऱ्याने मूळ पैशांच्या वर २५ लाख आणखी घातलेले असतील. तुमच्याकडे तर १२.७० लाखच उरणार आहेत, आणि ते गुडघ्यांसाठी, दवाखान्यासाठी. तुम्हाला स्वतःला पुण्याला मुलीकडे जावं लागलं तर इतरांचीही तीच गत असेल. सहा जण साठीपुढचे, म्हणजे पुढच्या पंधरा वर्षांत कोणीतरी निघणारच: आजारपणाने, मुलांच्या बोलावण्याने, नाहीतर मृत्यूने. माणूस गेला की त्याचा हिस्सा मृत्युपत्राप्रमाणे, नाहीतर वारसांकडे जातो. ती मुलं तुमच्या भिशीत नव्हती. सामायिक मालकीत कोणीही वाटणीचा दावा लावू शकतो, आणि वाटता न येणारं घर असेल तर १८९३ च्या वाटणी कायद्याने कोर्ट ते विकायलाही लावू शकतं. हिश्श्यावर कर्ज काढावं म्हटलं तर बँक बाकीच्या मालकांच्या सह्या मागते.

भिशीत वीस वर्षं कोणी पैसे बुडवले नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. खरं असेल. पण भिशी सोडणाऱ्याला परत द्यायची रक्कम एका-दोन हप्त्यांची असते, इथे ती एखाद्या फ्लॅटएवढी आहे. आणि बडोद्याच्या सहकाराचा इतिहास पुरताच वाचा. विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी १८८९ मध्ये इथेच अन्योन्य सहकारी मंडळी काढली, देशातली पहिली. तिचीच पुढे बँक झाली, आणि २००७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. तेव्हा ठेवीचा विमा होता माणशी १ लाखाचा.

डेन्मार्कचं म्हणाल, तर तिथली १९७२ ची सेटेडामेन ही वसाहत सुरुवातीच्या वसाहतींपैकी. तिथे २७ घरं आहेत, प्रत्येकाचं घर आणि स्वयंपाकघर वेगळं, आणि वर एक सामायिक घर, जेवणाला आणि बैठकीला. तुमच्या मसुद्यातून नेमका हाच भाग गळलाय.

म्हणून माझं मत असं. बंगला घेऊ नका. एखाद्या छोट्या स्कीममध्ये सहाही घरांनी वेगवेगळे फ्लॅट घ्या, प्रत्येकाचा स्वतंत्र दस्तावेज, आणि खाली एक फ्लॅट सगळ्यांनी मिळून भाड्याने घ्या, तिथे चूल एक करा. कोणी निघालं तर स्वतःचा फ्लॅट विकेल, बाकीच्यांच्या पोटाला चिमटा बसणार नाही. पण त्याच्याही आधी वर्षभर भाड्याने राहून बघा. बंगल्याचं भाडं ६० हजार धरलं तर तुमच्या वाट्याला १० हजार येतात. तुमचा फ्लॅट १२ हजारांनी जाईल. पोस्टातल्या ३० लाखांना हात लावायची गरज नाही. फ्रिजमधला वरचा कप्पा कोणाचा यावरून किती दिवस अबोला चालतो, तेही कळेल.

आणखी दोन गोष्टी. तुमच्या फ्लॅटला अशांत धारा, म्हणजे गुजरातचा अशांत क्षेत्र कायदा, लागू आहे, हे तुम्हीच लिहिलंय. मग कलेक्टरची परवानगी मिळेपर्यंत विक्री होणार नाही, आणि त्याला किती महिने लागतील ते आपल्या हातात नाही. इकडे बंगल्याच्या बानाखताची (साठेखताची) मुदत संपली की टोकन गेलं. बंगल्याच्या पत्त्यालाही हा कायदा लागू आहे का ते बघा, कारण असेल तर पुढे प्रत्येक हिस्सा विकताना हीच परवानगी. दुसरं, ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी त्या बंगल्यात किती फूट होतं, ते दलालाला न विचारता शेजारच्यांना विचारा. गुडघ्यांपायी सगळ्यांनाच तळमजला हवाय.

फ्लॅट विकून झालेल्या नफ्यावरचा कर दुसरं घर घेतल्यास वाचू शकतो, पण दस्तावेजात तुमचं नाव आणि हिस्सा पाहिजे. मसुद्यात एके ठिकाणी तुमच्या पैशांना "ठेव" म्हटलंय. तो शब्द सी.ए.ला दाखवा.

महिनाअखेरीला माणशी २ लाख टोकन द्यायचं ठरलंय, ते देऊ नका. तुमच्यामुळे व्यवहार अडतोय असं कोणी म्हणालं, तर हे उत्तर सहाही जणांना वाचायला द्या, आणि बाहेर पडणाऱ्याला किती दिवसांत, कोणाच्या खिशातून, कोणत्या मूल्यमापकाच्या भावाने पैसे मिळतील, हे सहा वेगळ्या कागदांवर सहा जणांकडून लिहून घ्या. ते कागद मला पाठवा.