जुनी होडी घेताय? आधी बूड वाजवून बघा

प्रश्न : काका, मी आणि माझे यजमान मिळून जुनी फायबरची होडी घेतोय. जाळी मारायला मीही बरोबर जाणार. दोन होड्या बघितल्यात, दोन्ही साधारण 28 फुटी. एकीला आत दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे. दुसरी आधी पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला फिरायची; तिला पेट्रोलची दोन आउटबोर्ड (मागे बाहेरून टांगलेली इंजिनं) आहेत, शिवाय फ्लशचं संडासही. मला संडास हवंय म्हटलं तर घरचे हसतात. कुठली घ्यावी? होडी खाडीत नांगरणार. तोंडाशी ओहोटीला वाळू उघडी पडते.
– एक वाचक, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : ताई, संडासाचं आधी सांगतो. हट्ट सोडू नका. रात्री जाळं टाकून बसल्यावर होडीच्या मागच्या बाजूला कठड्याला धरून लटकलेला माणूस लाट आली की पाण्यात जातो, आणि बाकीचे झोपलेले असतात. बायका तर पाणीच प्यायचं टाळतात, दिवसभर उन्हात. यात हसण्यासारखं काही नाही.

पण त्या दुसऱ्या होडीचं फ्लशचं संडास मात्र मला नको वाटतं. त्याच्यासाठी बुडाला पाण्याखाली दोन भोकं पाडलेली असतात, एक पाणी आत घ्यायला, एक घाण बाहेर टाकायला. पाइपाची क्लिप गंजून निसटली, कॉक उघडा राहिला, तर नांगरलेली होडी रातोरात बुडते. तरीही तीच घ्यायची ठरली तर दोन्ही कॉक हाताने फिरवून बघा. अडकलेला कॉक म्हणजे नसलेला कॉक. गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाइपावर घासा आणि फडक्याचा वास घ्या. वास आला तर घाण रबरात मुरली आहे, तो पाइप बदलावाच लागेल. तुमच्या कामाला पेटीसारखं सुटं संडास पुरे. वर पाणी, खाली टाकी, किनाऱ्यावर आणून रिकामं करायचं. चार फळ्यांचा आडोसा केला की झालं. फक्त खाडीत ओतू नका. तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवं काढणाऱ्या बायका त्याच पाण्यात उभ्या असतात.

आता इंजिन. दोन आउटबोर्डांचा दिलासा वाटतो, एक बंद पडलं तर दुसरं घरी आणेल. पण दोघांना टाकी एकच असेल आणि पेट्रोलात पाणी शिरलं, तर दोन्ही एकदमच बसतात. वाळूच्या दांड्यावर आउटबोर्ड उचलता येतं, पंख्यात (प्रोपेलरमध्ये) अडकलेलं जाळंही वरून सोडवता येतं, ही त्यांची खरी सोय. डिझेलवाल्या होडीत त्यासाठी बुडी मारावी लागते. तरी दिवसभर जाळ्याच्या मागे हळूहळू चालायचं तर माझं मत डिझेललाच. मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत करपरताव्याची योजना आहे तीही डिझेलवर. भरती बघून दांडा ओलांडता येतो. पेट्रोलचा खर्च रोजचा.

बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असू दे, तसं आधीच सांगून ठेवा. हात लावून गरम लागलं तर परत फिरा, दुसऱ्या दिवशी जा. चालू करताना जरा धूर येईल, तो चालतो. निळा धूर टिकला तर इंजिन ऑइल जाळतंय. भर टाकल्यावर काळा निघाला तर हवा कमी पडतेय, डिझेल फवारणारं नोझल खराब आहे किंवा पंखा त्याला जड होतोय. ऑइलची पट्टी काढून बोटांत चोळा. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, पुढचं बोलणंच नको. आउटबोर्डांच्या गिअर ऑइललाही हीच परीक्षा.

आणि ताई, इंजिन बदलता येतं, बूड नाही. म्हणून मी पैसे बुडाचे मोजतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदीत होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, तेव्हा एकदा बघा. लहान हातोडीची मूठ घेऊन पुढून मागे ठोकत जा. टणक आवाज येत असताना मध्येच बद्द वाजलं तर तिथले थर सुटलेत. आउटबोर्डवालीच्या मागच्या फळीवर जास्त वेळ घालवा. इंजिनाचा पाय धरून वर-खाली रेटा. फळी हलली तर आतलं लाकूड कुजलंय. नवा रंग दिसला तर का दिला ते विचारा. समुद्रातली फेरी मात्र बंदी उठल्यावरच, आणि ती झाल्याशिवाय सौदा पक्का करू नका.

नोंदणी आणि मासेमारी परवाना कुणाच्या नावावर आहे, होडीवर कर्जाचा बोजा आहे का, संस्थेची बाकी आहे का, हे कागदावर बघा. नोंदणी आणि परवाना दोन्ही तुमच्या नावावर होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. होडीवर कामाला तुम्हीही जाणार आहात, तेव्हा कागदावर तुमचंही नाव घाला.