नांगरट भरपूर, तरी उसाची मुळी वरच!

प्रश्न : दर लागणीला उभी-आडवी नांगरट करतो, वर दोनदा रोटाव्हेटर, रान एकदम भुसभुशीत असतं. तरी जरा वारं सुटलं की ऊस लोळतो आणि खोडवा (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस) तर फारच पडतो. अजून खोल नांगरू का?

उत्तर : थांबा, ट्रॅक्टर सांगायच्या आधी कुदळ घ्या. उभ्या उसात बुडाशेजारी दोन फूट खड्डा काढा आणि खड्ड्याची भिंत चाकूने वरून खाली टोकरत या, वर चाकू सहज जातो आणि सात-आठ इंचावर अडला, नि तिथंच मुळ्या काटकोनात आडव्या वळलेल्या दिसल्या, तर घट्ट थर बसलाय समजा. रोटाव्हेटर वरच्या मातीचा भुगा करतो पण त्याच्या पात्यांनी खालचा थर दाबला जातो, नांगरसुद्धा दरवर्षी त्याच खोलीवर चालला की तळ धरतोच. उसाची बरीचशी मुळं वरच्या दोन फुटांतच असतात हे खरंय, पण थोडी ५-६ फूट खाली उतरतात आणि पाण्याचा ताण पडला की पीक त्यांच्यावरच तगतं. वाट बंद असेल तर ती उतरणार कुठून? मग ऊस लोळणारच.

थर सापडला तर सबसॉयलर (खालचा घट्ट थर फोडणारं अवजार) मारा, तोही थराच्या दोन-तीन इंच खालून, उगाच जास्त नको, डिझेल जातं. रान खालपर्यंत कोरडं पाहिजे. ओल्या रानात माती तडकत नाही, नुसती चीर पडते आणि तिच्या कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, म्हणजे आधीपेक्षा वाईट. आणि थर नसेलच तर खोल नांगरून टनेज वाढेल ही आशा सोडा, कमी मशागतीतही तेवढंच उत्पादन आल्याचे प्रयोग बऱ्याच ठिकाणी झालेत.

खोडव्याचं दुखणं बहुतेक वेळा तोडणीत असतं. तोडणीनंतर जुनी मुळं हळूहळू मरतात, नवे कोंब आपली मुळं सोडतात, आणि नेमकं तेव्हाच ओल्या रानात भरलेली ट्रॉली सऱ्यांवरून, कधी बुडख्यांवरूनही गेलेली असते! ऑस्ट्रेलियात बरेच शेतकरी म्हणूनच दोन ओळींतलं अंतर १.८ ते १.९ मीटर, म्हणजे यंत्राच्या दोन बाजूंच्या चाकांमधल्या अंतराएवढं ठेवतात, चाक कायम त्याच पट्ट्यात. तुमचं अंतर कमी असेल तर निदान तोडणीआधी पाणी वेळेवर तोडा, ट्रॉली ठरलेल्या वाटेनंच काढा आणि वाफसा (मशागतीजोगी बेताची ओल) आल्यावर बगला फोडा, म्हणजे वरंब्याच्या दोन्ही बाजूंची माती मोकळी करा. रोटाव्हेटर एकदा पुरे.