पासबुक घेऊन ये

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझे बाबा पेढे घेऊन आले होते. चाकणला नोकरी लागली, कंपनीनं पगाराचं खातं काढून दिलं, कार्डसुद्धा आलं, सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "तुम्ही बँकेत होतात, त्याला चार गोष्टी सांगा." फोनवर सांगितलं तर तू नुसतं "हो काका, हो काका" करशील, म्हणून कागद घेऊन बसलोय.

१९८८ ते २०२२ मी काउंटरच्या आतल्या बाजूला होतो. आधी कॅश, मग खतावणी, शेवटी पासबुक छापायची खिडकी. त्या खिडकीशी मी एक गंमत रोज बघायचो. माणसं अर्धा-पाऊण तास रांगेत उभी राहायची, पासबुक हातात आलं की शेवटचा आकडा बघायची आणि ते मिटून पिशवीत टाकायची. मधल्या ओळी कुणी वाचायचं नाही.

एक बाई मात्र वाचायच्या. अंगणवाडीत मदतनीस होत्या. खिडकीशीच उभ्या राहून एकेका ओळीवर बोट फिरवायच्या, मागचे लोक कितीही कुरकुरले तरी. एका जून महिन्यात त्यांनी मला विचारलं, "साहेब, हे तीनशे तीस रुपये कुणी घेतले?" मी बघितलं. जीवन ज्योती विम्याचा हप्ता होता. खातं काढताना कुणीतरी फॉर्म पुढं केला होता, बाईंनी सही केली होती, आणि दोन लाखांचा विमा आपल्या नावावर आहे हे ना त्यांना ठाऊक, ना घरच्यांना. उद्या काही झालं असतं तर मागायला कोण आलं असतं? हप्ता आता ४३६ रुपये झालाय आणि अपघाती विम्याचा वेगळा २० रुपये. मे महिन्याच्या शेवटी शेवटी कापला जातो. तुझ्या खात्यात दिसला तर दचकू नकोस, पण कुठल्या फॉर्मवर सही केली होती ते शोधून ठेव आणि आईला सांग.

तर पहिलं काम हे. महिन्यातून एकदा, पगार झाल्यानंतरच्या रविवारी म्हण, मोबाईलवर स्टेटमेंट उघडायचं आणि वरपासून खालपर्यंत वाचायचं. एसएमएसचे पैसे, कार्डाची वर्षाची फी, त्यावरचा जीएसटी, कधीतरी फुकट म्हणून सुरू केलेल्या कुठल्यातरी ॲपचा हप्ता, हे सगळं तिथं सापडतं. एटीएमचंही बघ. आपल्या बँकेच्या मशीनवर महिन्याला पाच व्यवहार फुकट, दुसऱ्या बँकेच्या मशीनवर मोठ्या शहरांत तीन, बाकी ठिकाणी पाच. त्यापुढं एका वेळचे २३ रुपयांपर्यंत जातात, वर कर. तुझ्या वयाची मुलं दोनशे-दोनशे रुपये काढत बसतात आणि महिनाअखेर म्हणतात, बँक लुटते.

व्याजाचं थोडक्यात सांगतो. आमच्या वेळी महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावरच व्याज मिळायचं. त्यामुळं दहा तारखेला काउंटरवर जत्रा असायची, जो तो पैसे भरायला. १ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिलकेवर धरतात, त्यामुळं तारखेची धावपळ संपली. पण दर मोठ्या बँकांत अडीच-तीन टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे बचत खात्यात पैसे नुसते पडून ठेवण्यात अर्थ नाही. तीन महिन्यांचा खर्च तिथं ठेव, वरचे रिकरिंगला किंवा एफडीला टाक.

आणखी एक खातं काढ. पगाराचं वेगळं, खर्चाचं वेगळं. यूपीआय फक्त खर्चाच्या खात्याला जोड आणि आठवड्याला लागतील तेवढेच पैसे त्यात घाल. चहाच्या टपरीवर, पेट्रोल पंपावर, भाजीवाल्याकडं ज्या खात्यातून पैसे जातात त्याच खात्यात सगळी पुंजी कशाला? घरातली तिजोरी कुणी ओसरीवर आणून ठेवत नाही.

मोटरसायकल घ्यायची आहे असं ऐकलं. घे. पण हप्त्याची तारीख पगाराच्या आधीची घेऊ नकोस. पगार सात तारखेला होत असेल तर हप्ता दहाचा माग. खात्यात पैसे नसताना हप्ता आला की तुझी बँक दंड लावते, कर्ज देणाराही लावतो, आणि सिबिलवर, म्हणजे तुझ्या कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग राहतो तो वेगळाच. शोरूममध्ये सह्या करून कोरे चेक मागतील. निदान नाव आणि रेघा तरी मारून दे: ज्याला द्यायचा त्याचं नाव, डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा, मध्ये 'अकाउंट पेयी'. रक्कम लिहिताना रेघेच्या अगदी सुरुवातीपासून लिही आणि शेवटी 'फक्त' लिहून पुढं आडवी रेघ ओढ. 'पाच हजार'च्या आधी बोटभर जागा सोडलेला चेक मी हातात घेतलेला आहे. त्या जागेत 'एक लाख' बसायला वेळ लागत नाही. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो. आणि देणं फेडायला दिलेला चेक शिल्लक नाही म्हणून परत गेला, तर चेकच्या कायद्यातल्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हप्ता आपोआप कापायची जी परवानगी देतोस, तिलाही तसाच कायदा आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे नीट वाच.

तू खोलीवर चार-पाच मुलांबरोबर राहणार. कधीतरी कुणी मित्राचा मित्र येईल आणि म्हणेल, तुझं खातं दोन महिने वापरायला दे, कार्ड आणि सिम दे, बसल्या जागी दहा हजार मिळतील. किंवा एवढंच म्हणेल, माझं यूपीआय चालत नाही, तुझ्या खात्यावर पन्नास हजार मागवतो, तू रोख काढून दे. मुलगा चांगला वाटेल, जेवायला घालेल. नाही म्हण. ते पैसे बहुतेकदा कुणातरी म्हाताऱ्या माणसाला फोनवर फसवून काढलेले असतात. तक्रार झाली की पोलीस पैशाच्या मागावर खात्यामागून खातं गोठवत येतात, आणि कागदावर नाव तुझं असतं, फोटो तुझा, आधार तुझं. पगार त्याच खात्यात अडकतो. माझ्या शेवटच्या वर्षी असा एक मुलगा वडिलांना घेऊन आला होता, तुझ्याच वयाचा, आयटीआय झालेला. चौकशीला दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्यात जायचं होतं. वडील एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होते, "पण याने चोरी कुठं केली?" मला उत्तर देता आलं नाही.

आणि फसलासच, तर लाजत बसू नकोस. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे जाणार, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी घाईत माणूस चुकतो. त्याच मिनिटाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन कर, मग बँकेला कळव आणि तक्रारीचा नंबर लिहून घे. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे: चूक ना तुझी ना बँकेची असेल आणि तू तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंस, तर नुकसान तुझ्यावर येत नाही. ओटीपी तूच सांगितला असशील तर कळवेपर्यंतचं नुकसान तुझं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून घड्याळ बघायचं. बँकेनं तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, एक पैसा लागत नाही.

नोकरी बदललीस तर या खात्याकडं पाठ फिरवू नकोस. पगार यायचा थांबला की बहुतेक बँका काही महिन्यांत ते साधं बचत खातं करून टाकतात आणि काही बँकांत किमान शिलकेचा दंड सुरू होतो. नको असेल तर लेखी अर्ज देऊन बंद कर. दोन वर्षं खातेदारानं काहीच व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं, दहा वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. परत मिळतात, पण खेटे घालावे लागतात. हसू नकोस, माझंच एक खातं असं झालं. निवृत्त झाल्यावर मोबाईल नंबर बदलला, एका जुन्या खात्यात कळवायचं राहिलं, आणि चौतीस वर्षं लोकांना केवायसी करा म्हणून सांगणारा मी स्वतः आधारची झेरॉक्स घेऊन रांगेत उभा राहिलो. खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजोबा, फॉर्म नीट भरा."

नॉमिनी लावलाय का ते बघ. पगाराच्या खात्याचे फॉर्म गठ्ठ्यानं भरले जातात, तो रकाना हमखास कोरा राहतो. आईचं नाव घाल. आता चार नावांपर्यंत घालता येतात. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बँकेकडून पैसे घेऊन वारसांपर्यंत पोचवणारा माणूस. लग्न झालं की पुन्हा बघ.

तुझ्या बाबांनाही एक निरोप दे, माझं ते ऐकत नाहीत. त्यांची सगळी ठेव गावातल्या एकाच बँकेत आहे. एका बँकेत एका माणसाच्या व्याजासकट पाच लाखांपर्यंतच विमा असतो, शाखा कितीही असोत. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना हजार रुपयेच काढता येत होते. तेव्हा हा विमा एक लाखाचाच होता.

दिवाळीला येशील तेव्हा पासबुक भरून आण. ओट्यावर बसून मधल्या ओळी वाचू. आणि तोवर त्याचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवू नकोस. मलाही नाही.

तुझा,
काका