वाचक विचारतात : ‘ते चॅनेल गेलं कुठे?’

बंद पडलेल्या आणि नाव बदललेल्या मराठी वाहिन्यांबद्दल प्रश्न पाठवा, असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न इथे घेतले आहेत. प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

प्र. माळ्यावर जुन्या व्हीएचएस कॅसेट सापडल्या. लेबलं उडून गेली आहेत. एकीत कोपऱ्यात ‘अल्फा’ दिसतं, दुसरीत ईटीव्हीचा लोगो. रेकॉर्डिंग कोणत्या सालचं, हे कसं ओळखायचं? आणि त्या संगणकावर कशा घ्यायच्या? — वाचक, महाल, नागपूर

आधी सालाचं बघू. ‘अल्फा टीव्ही मराठी’ १५ ऑगस्ट १९९९ ला सुरू झाली आणि २००५ मध्ये तिचं ‘झी मराठी’ झालं. म्हणजे पहिली कॅसेट या सहा वर्षांतली. ‘ईटीव्ही मराठी’ ९ जुलै २००० ची आणि तिला ‘कलर्स मराठी’ हे नाव आलं २२ मार्च २०१५ ला. दूरदर्शनचं रेकॉर्डिंग असेल तर ‘डीडी १०’ लिहिलेलं १९९४ नंतरचं आणि ‘सह्याद्री’ लिहिलेलं २००० पासून पुढचं. बातम्यांची कॅसेट असेल तर ‘स्टार माझा’ २००७ ते मे २०१२, कारण १ जून २०१२ पासून तीच वाहिनी ‘एबीपी माझा’ झाली. ‘तारा मराठी’चा लोगो निघालाच तर ती कॅसेट जपा. ती वाहिनी २००० साली आली आणि थोड्याच वर्षांत गेली.

मात्र लोगोवरून नाव कळतं, मालक कळत नाही. ईटीव्ही मराठी रामोजी समूहाकडून नेटवर्क१८ कडे जाण्याचा करार जानेवारी २०१२ मध्ये जाहीर झाला, व्यवहार जानेवारी २०१४ मध्ये पूर्ण झाला आणि पाटी बदलली २०१५ मध्ये. मधली वर्षं नाव ईटीव्हीचंच होतं. तेलुगू ईटीव्ही रामोजी समूहाने आपल्याकडेच ठेवली, म्हणून ती आजही त्याच नावाने दिसते. ‘स्टार माझा’चं उलट झालं. त्या काळी बातम्यांच्या वाहिनीत परकीय भांडवल २६ टक्क्यांपर्यंतच ठेवता येत असल्याने स्टारचा वाटा तेवढाच होता, उरलेला आनंदबाजार पत्रिका (एबीपी) समूहाचा. स्टारने आपलं नाव काढून घेतलं. वाहिनी तीच राहिली.

साल आणखी जवळ आणायचं असेल तर मालिका सोडून जाहिराती बघा. मोबाइल कंपन्यांची नावं, निवडणुकीच्या जाहिराती, खाली सरकणारी बातम्यांची पट्टी यांतून महिनासुद्धा सापडतो. म्हणून कॅसेट संगणकावर घेताना जाहिराती कापू नका.

आता कॅसेट चालवण्याआधी. झडप उघडून फितीच्या कडेला पांढरे ठिपके किंवा भुकटी दिसते का ते उजेडात पाहा. दिसली तर ती बुरशी. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली की बुरशी हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटही खराब होतात. कूलरच्या खोलीत हवा सतत ओली असते, त्यामुळे तिथे उन्हाळ्यातही बुरशी धरू शकते. कॅसेट कूलर नसलेल्या खोलीत, उभ्या, पूर्ण गुंडाळून ठेवा. गच्चीखालचा माळा मे महिन्यात भट्टी होतो, तोही नको.

व्हीसीआरचं हेड साफ करायचं तर प्लग काढून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल शॅमॉयवर (मऊ चामड्याच्या कापडावर) घ्या. कापड हेड बसवलेल्या ड्रमला आडवं टेकवून ठेवा आणि ड्रम हाताने हळूहळू फिरवा. कापड वर-खाली घासलं तर हेडचं टोक मोडतं आणि कानातल्या काडीचा कापूस त्यात अडकतो. त्यानंतर कॅसेट एकदा शेवटापर्यंत पुढे आणि पुन्हा मागे घ्या. वर्षानुवर्षं एका जागी चिकटून राहिलेली फीत थेट प्लेवर टाकली की ओढली जाते.

रेकॉर्डिंग ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चौकटी, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींनी येणारं चित्र) असंच घ्या. आपल्या टीव्हीची पद्धत पाल आहे, अमेरिकेची एनटीएससी. कॅप्चर सॉफ्टवेअरमध्ये चुकून एनटीएससी निवडलं तर चित्र काळं-पांढरं येतं किंवा फाटतं, आणि लोक फितीला दोष देतात. सगळ्यात स्वस्त यूएसबी कॅप्चर पट्ट्या खराब फितीवर चौकटी गाळतात, त्यामुळे अर्ध्या तासाने आवाज आणि ओठ जुळत नाहीत. टाइम बेस करेक्टर (डगमगणारा सिग्नल स्थिर करणारी सोय) असलेला व्हीसीआर मिळाला तर हा त्रास बराच कमी होतो. सेकंदाला १० मेगाबिटने साठवलं तर तासाला साडेचार जीबी लागतात. ई-१८० कॅसेट तीन तासांची, म्हणजे साडेतेरा जीबी. डीइंटरलेस करताना (त्या ओळींची पूर्ण चौकट बनवताना) २५ ऐवजी ५० चौकटी ठेवा, नाहीतर खाली सरकणारी पट्टी धक्के खात जाते.

घरी पाहायला ही प्रत ठेवा. नेटवर टाकणं वेगळं. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे प्रसारणाचा हक्क प्रक्षेपणानंतरच्या वर्षापासून २५ वर्षं चालतो, म्हणजे २००० सालच्या प्रसारणाचा हक्क २०२५ अखेर संपला. पण चित्रित कार्यक्रमाचा हक्क ६० वर्षांचा असतो. वाहिनी बंद पडली म्हणून तो संपत नाही, तो कोणाच्या तरी ताळेबंदात असतोच.

प्र. तारा मराठी, मी मराठी यांचे कार्यक्रम चांगले होते. मग ही चॅनेलं टिकत का नाहीत? — वाचक, सक्करदरा

कार्यक्रम वाईट म्हणून वाहिनी बंद पडल्याची उदाहरणं कमीच आहेत. बहुतेकदा पैसे कार्यक्रमाआधीच संपतात, आणि ते कुठे संपतात ते घरातल्या जुन्या टीव्हीवरून कळतं. ॲनालॉग केबलच्या काळात बऱ्याच सेटवर दोन ते बारा क्रमांकाच्याच वाहिन्या नीट लागायच्या. केबलवाल्यांच्या भाषेत हा ‘प्राइम बँड’. त्याच्या वर एस बँड, मग हायपर बँड, मग यूएचएफ. जितकं वर जाल तितकी जुन्या सेटवर मुंग्या जास्त. खालच्या दहा-अकरा जागा आणि त्यांवर डोळा ठेवलेल्या पन्नास वाहिन्या, अशी ओढाताण. त्यामुळे केबलवाला वाहिनीला पैसे देण्याऐवजी वाहिनीच केबलवाल्याला पैसे देऊ लागली. तेच ‘कॅरेज’. मोठ्या समूहाकडे दहा वाहिन्यांचा जुडगा असतो, तो घासाघीस करून जागा मिळवतो. रथिकांत बसूंच्या ब्रॉडकास्ट वर्ल्डवाइड कंपनीची तारा चार भाषांत निघाली, पण तिच्यामागे असा जुडगा नव्हता. बंगाली तारा पुढे बरीच वर्षं टिकली, मराठी नाही. अधिकारी ब्रदर्सच्या २००७ सालच्या ‘मी मराठी’पुढे पुढच्याच वर्षी ‘स्टार प्रवाह’ उभी राहिली.

नागपूर केबलच्या डिजिटायझेशनच्या (ॲनालॉग बंद करून सेट टॉप बॉक्स सक्तीचा करण्याच्या) दुसऱ्या टप्प्यात होतं, मुदत ३१ मार्च २०१३. सेट टॉप बॉक्स आल्यावर प्राइम बँडचं दुखणं गेलं. कॅरेज मात्र उरलं. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१७ च्या नियमांनी त्याला कमाल मर्यादा घातली : साध्या वाहिनीसाठी दर ग्राहकामागे महिन्याला २० पैसे, एचडीसाठी तेव्हा ४० पैसे. २० टक्के ग्राहक वाहिनी घेत असतील तर कॅरेज शून्य. पैशांत आकडा लहान वाटतो. पण दहा लाख जोडण्यांच्या एकाच कंपनीला ते महिन्याला दोन लाख होतात आणि अशा कंपन्या बऱ्याच असतात. नव्या वाहिनीला हे पैसे पहिल्या जाहिरातीच्या आधी मोजावे लागतात, आणि २० टक्क्यांची सूट नेमकी तिलाच मिळत नाही. सवलत ज्याला नको त्याला, असा हा प्रकार आहे, आणि आमच्या मते ती त्रुटीच आहे.

प्र. मग नागपुरातून स्वतःचं चॅनेल काढायचं तर किती मोठी उडी मारावी लागेल? — वाचक, मानेवाडा

दोन रस्ते आहेत. उपग्रह वाहिनीसाठी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाची अपलिंकिंग-डाउनलिंकिंगची (सिग्नल उपग्रहावर चढवण्याची आणि तिथून उतरवण्याची) परवानगी लागते. पहिल्या बिगर-बातमी वाहिनीला कंपनीची नक्त मालमत्ता (देणी वजा जाता) ५ कोटी हवी, बातम्यांच्या वाहिनीला २० कोटी. परवानगी दहा वर्षांची असते. वाहिनी वेळेत सुरू झाली नाही तर अडकेल अशी बँक हमीही द्यावी लागते. आधी परवानगी घेऊन ठेवू, पैसा मागून बघू, असं इथे जमत नाही. नाव किंवा लोगो बदलायलाही मंत्रालयाची मंजुरी लागते. मालक बदलला तरी पाटी उशिरा बदलण्याचं हे एक कारण असतं.

दुसरा रस्ता म्हणजे केबल कंपनीचं स्थानिक चॅनेल, नियमांच्या भाषेत ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’. ३० नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे याची नोंदणी फी वाहिनीमागे एक हजार रुपये, एकदाच. केबल कंपनीच्या एकूण क्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंतच अशी चॅनेलं चालतात आणि पडद्यावर ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ असं लिहावं लागतं. स्थानिक बातम्या द्यायच्या तर नोंदणीकृत कंपनीच हवी, भागीदारी किंवा एकट्याच्या नावावर नाही. नोंदणी केबल कंपनीच्या नावाने होते, हे करारावर सही करताना विसरू नका. कंपनीने दुसऱ्या मोठ्या कंपनीशी हात मिळवला की आधी अशीच चॅनेलं कापली जातात. करारात किमान मुदत आणि आगाऊ नोटीस या दोन अटी लिहून घ्या.

प्र. फ्री डिशवर रोज लागणारं मराठी चॅनेल अचानक गायब झालं. डिश हलली असेल का? — वाचक, काटोल रोड

एकच चॅनेल गेलं असेल तर डिशला हात लावू नका. फ्री डिश ही प्रसार भारतीची मोफत उपग्रह सेवा, तिच्यावरच्या जागा प्रसार भारती लिलावाने देते आणि वार्षिक मुदत साधारण ३१ मार्चला संपते. लिलावात जागा सुटली की चॅनेल जातं, दुसरं येतं. मेनूतून सगळी चॅनेलं पुसून ऑटो स्कॅन करा. नुसतं स्कॅन केलं तर जुनी मेलेली नोंद यादीत तशीच राहते. बॉक्स जुना असेल तर तो एमपेग-२ या जुन्या व्हिडिओ पद्धतीचाच असतो आणि एमपेग-४ वर गेलेलं चॅनेल त्याला दिसत नाही. कितीही स्कॅन केलं तरी ते येणार नाही, बॉक्सच बदलावा लागतो.

सगळीच गेली असतील तर डिश हलली आहे. फ्री डिश ९३.५ अंश पूर्वेवरच्या जीसॅट-१५ वर आहे. नागपुरातून त्याची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १४४.५ अंश, म्हणजे दक्षिण आणि आग्नेय यांच्या मधे, आग्नेयेकडे झुकती. उंची सुमारे ६० अंश. ऑफसेट डिश (जिच्यात एलएनबी मध्यापासून खाली असतो ती) बघायला तेवढी वर वळलेली वाटत नाही, म्हणून मागच्या पट्टीवरचे आकडे पाहा. होकायंत्राचं ॲप लोखंडी खांबाला टेकवून वापरलं तर वीस-तीस अंशांनी चुकतं, चार पावलं दूर उभं राहून समोरची एखादी खूण ठरवा. डिशच्या मागे उभं राहून आकाशाकडे बघताना एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) घड्याळाच्या उलट दिशेने सुमारे ३३ अंश फिरवलेला हवा. बॉक्समध्ये एलएनबी ‘युनिव्हर्सल ९७५०/१०६००’ ठेवा. मीटरवर ‘स्ट्रेंग्थ’ सोडा, ‘क्वालिटी’ बघा. स्ट्रेंग्थ नुसती केबल जोडली तरी चढते.

प्र. इंग्लंडमध्ये एका रात्रीत सगळी कंपनीच बदलायची, असं वाचलं. हे कसं शक्य होतं? — विद्यार्थी, धरमपेठ

ब्रिटनच्या आयटीव्हीत (खासगी प्रादेशिक कंपन्यांच्या जाळ्यात) प्रदेशवार परवाने होते आणि ठरावीक काळाने ते नव्याने दिले जायचे. प्रक्षेपक कंपन्यांचे नव्हते, नियामक संस्थेचे होते. १९९१ मध्ये ते एनटीएल नावाच्या कंपनीकडे गेले. त्यामुळे मध्यरात्री फक्त प्रक्षेपकाकडे येणारा सिग्नल बदलायचा. प्रेक्षकाच्या घरी बटणही तेच.

१९९१ च्या वाटपात बंद लिफाफ्यांतून बोली घेतल्या आणि १६ ऑक्टोबरला निकाल लागला. लंडनमध्ये आधीच्या थेम्स कंपनीची बोली ३ कोटी २७ लाख पौंड, कार्ल्टनची ४ कोटी ३२ लाख. १ जानेवारी १९९३ ला थेम्स गेली, कार्ल्टन आली. मात्र जास्त बोली म्हणजे विजय असंही नव्हतं. दक्षिणेत टीव्हीएसने सुमारे ६ कोटी पौंड लावले, तर एवढे पैसे देऊन ही कंपनी चालणार नाही म्हणून ती बाद झाली आणि मेरिडियनला परवाना मिळाला. मध्य इंग्लंडमध्ये सेंट्रलला प्रतिस्पर्धीच नव्हता, तिने फक्त २,००० पौंडांत काम उरकलं.

त्याआधीच्या बदलांतही तिढे झाले. १९८१ मध्ये येणाऱ्या टीव्हीएसला जाणाऱ्या साउदर्नच्या साउदॅम्प्टन स्टुडिओच्या आवारात तात्पुरत्या केबिनमधून तयारी करावी लागली. १९६८ मध्ये वेल्समध्ये टीडब्ल्यूडब्ल्यू कंपनीने मुदतीआधीच मार्चमध्ये प्रसारण सोडलं आणि नवी हार्लेक २० मेपर्यंत तयार नव्हती. मधल्या अकरा आठवड्यांसाठी एक हंगामी सेवा चालवली गेली. यावर टिपण लिहीत असाल आणि त्यात ‘सर्वांत कमी काळ चाललेली वाहिनी’ म्हणून उदाहरण हवं असेल तर ही सेवा घ्या, पण ती बंद पडली नाही, तिचं कामच तेवढं होतं, हेही लिहा. पडून बंद झालेल्या कंपनीचं उदाहरण हवं तर वेल्स वेस्ट अँड नॉर्थ : सप्टेंबर १९६२ ला सुरू, जानेवारी १९६४ ला टीडब्ल्यूडब्ल्यूच्या ताब्यात.