प्रूफे टेबलावर मांडून बोला

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

बालगंधर्व कलादालनातील प्रदर्शनात तू आणि तुझे ज्येष्ठ सहकारी स्मृती आणि अस्मिता या विषयावर बोलणार आहात, असे तू कळवलेस आणि त्यांना विचारायच्या प्रश्नांची यादीही पाठवलीस. प्रश्न अभ्यासू आहेत. परंतु त्यांतील बहुतेक एखाद्या कादंबरीकाराला विचारले तरी चालतील. तुम्ही दोघेही चित्रे रंगवता आणि छापता, हे त्यांत कुठेच येत नाही.

कॅनव्हासवरची नकोशी रेषा रंगाखाली झाकता येते. झिंकच्या प्लेटवर अ‍ॅसिडने खोदलेली रेषा मात्र स्क्रेपरने खरवडून, बर्निशरने घोटून काढावी लागते, आणि तरीही पुढच्या प्रूफात, म्हणजे प्लेटवरून काढलेल्या चाचणीच्या छापात, तिचा फिकट माग पुष्कळदा उमटतोच. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या ‘तीन क्रूस’ या मुद्राचित्रावर १६५३ हे साल आहे. पुढे काही वर्षांनी त्याने त्याच प्लेटवरील कित्येक आकृती घासून काढल्या आणि काळोख वाढवला, पण चौथ्या अवस्थेच्या, म्हणजे बदलत गेलेल्या प्लेटच्या चौथ्या रूपाच्या, छापांत पुसलेल्या काही आकृतींच्या खुणा आजही दिसतात. म्हणून ‘तुमच्यासाठी स्मृती म्हणजे काय?’ असे विचारण्याऐवजी तुझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांची एकाच प्लेटची जुनी-नवी प्रूफे टेबलावर मांड, आणि ही रेषा का पुसली, ती का राहू दिली, एवढेच विचार.

अस्मितेबद्दल सावध राहा. या विषयावर आपल्या पुण्यात टाळ्या लवकर पडतात आणि मग चित्राकडे कुणी पाहत नाही. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी येथे चित्रशाळा हा छापखाना सुरू करण्यात पुढाकार घेतला आणि देवादिकांची, मराठ्यांच्या इतिहासातील व्यक्तींची शिळाछापावरची रंगीत चित्रे घरोघर पोहोचली. आजीच्या देवघरातील राम जो आपल्याला आठवतो, तो आपल्या घराचा किती आणि छापखान्याचा किती, हा प्रश्न त्यांना अवश्य विचार, कारण एकाच दगडावरून निघालेल्या प्रती असंख्य घरांची खासगी आठवण होऊन बसतात. ते कदाचित चिडतील. चिडू देत; तुझे मत वेगळे असेल तर तेही तिथेच मांड, उगाच समेट करू नकोस.

पडद्यावर छायाचित्रे दाखवण्याचा मोह टाळ, कारण कागदावर उठलेला शाईचा थर आणि प्लेटच्या कडेचा दाब त्यांत दिसत नाही. लोकांना मूळ प्रूफे जवळून पाहता यावीत म्हणून शेवटी थोडा वेळ राखून ठेव, आणि त्यांना कुणाचा हात लागणार नाही अशी काच आदल्या दिवशीच मागवून घे.

कळावे, लोभ असावा.