खपली काढायची की नाही? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: झालं गेलं गंगेला मिळालं म्हणावं आणि पुढे जावं. जुनं उकरून वैरच वाढतं ना?

स्पेनने हेच करून पाहिलं. 1977 च्या कायद्याने सगळ्यांना माफी दिली आणि 1936-39 च्या यादवी युद्धात मारलेली माणसं रस्त्याकडेच्या खड्ड्यांतच राहिली. 2000 पासून त्यांची नातवंडं ते खड्डे उकरू लागली. गंगेला मिळायला आधी अस्थी हाताला लागाव्या लागतात.

प्रश्न: मोठ्या गुन्हेगारांना जन्मठेप झाली, तरी कुटुंबीय समाधानी का नसतात?

बोस्नियातलं स्रेब्रेनिका घ्या. जुलै 1995 मध्ये तिथे 8,000 हून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. ते मारणाऱ्या बोस्नियन सर्ब फौजेचा सेनापती म्लादिच, त्याला 2017 मध्ये जन्मठेप झाली. पण पुरावा लपवण्यासाठी मारेकऱ्यांनी सामूहिक कबरी यंत्रांनी उपसून प्रेतं दुसरीकडे पुरली होती. त्यात एकाच माणसाची हाडं दोन-तीन कबरींत विखुरली. नातेवाइकांच्या रक्तावरून डीएनए जुळवत ओळख पटवली जाते. मग एखाद्या आईला कळतं, मुलाचं मांडीचं हाड सापडलं. तेवढंच पुरायचं, की बाकीचा मिळेपर्यंत थांबायचं? काही जणी वर्षानुवर्षं थांबल्या. काहींनी 11 जुलैला, हत्याकांडाच्या स्मृतिदिनी, जवळच्या पोटोचारीतल्या स्मारक-दफनभूमीत दफन केलं आणि आणखी हाडं मिळाल्यावर तीच कबर पुन्हा उघडली. न्यायालयाला यातलं काही ठरवता येत नाही.

प्रश्न: दक्षिण आफ्रिकेत ‘खरं बोला, सुटा’ असंच झालं ना?

इतकं स्वस्त नव्हतं ते. वर्णभेदी राजवट संपल्यावर तिच्या काळातल्या गुन्ह्यांचं सत्य शोधायला नेमलेल्या, आर्चबिशप टुटूंच्या आयोगाकडे माफीचे 7,000 हून अधिक अर्ज आले, त्यातले बहुतेक फेटाळले गेले. गुन्ह्यामागे राजकीय हेतू हवा आणि कबुली पूर्ण हवी, अशी अट होती. ज्यांना माफी मिळाली नाही त्यांच्यावर खटले भरायचे होते. ते क्वचितच भरले गेले. माझ्या मते आयोगापेक्षा त्यानंतरची सरकारंच कमी पडली.

प्रश्न: रवांडात 1994 मध्ये झालेल्या तुत्सींच्या वंशसंहाराचे खटले गावकऱ्यांनीच चालवले. याला न्याय म्हणायचं?

निम्मा. तुरुंगांत लाखावर माणसं कोंबलेली होती, नेहमीच्या न्यायालयांना पिढ्या पुरल्या नसत्या. म्हणून 2012 पर्यंत ‘गाचाचा’ नावाची गावपातळीवरची न्यायालयं चालली. वकील नाही, आणि वंशसंहार करणाऱ्यांना हरवून सत्तेवर आलेल्या बाजूच्या सैनिकांनी केलेल्या हत्या त्यांच्या कक्षेबाहेर. हा दोष मोठाच. पण शिक्षेत सूट हवी असेल तर कबुलीत एक गोष्ट सांगावीच लागे: प्रेत कुठे टाकलं.